जुना गिझर, जुना फ्रिज आणि ‘डायरेक्ट’ केलेली दुरुस्ती

जून-जुलैमध्ये पुण्यात कॉलेजं सुरू होतात आणि सदाशिव पेठ, कर्वेनगर, कोथरूडपासून वाकड-हिंजवडीपर्यंत भाड्याच्या खोल्या भरायला लागतात. त्याच सुमारास जुने फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांचा बाजार तेजीत येतो. बदली झालेलं कुटुंब सामान काढतं, दुकानदार ते उचलतो, दोन-चार दिवसांत ‘रिपेअर करून’ पुढच्या माणसाला विकतो. सुटे पार्ट तपकीर गल्लीत मिळतात, काही बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून येतात. या व्यवहारात मुळात वाईट काही नाही. धडधाकट यंत्र भंगारात जाण्यापेक्षा आणखी पाच-सात वर्षं कुणाच्या तरी कामी आलेलं केव्हाही चांगलं. शिवाय शिकायला आलेल्या मुलाला नवा फ्रिज परवडत नाही, हेही खरंच आहे.

अडचण वेगळीच आहे. जुनी वस्तू घेताना आपण एकच गोष्ट तपासतो: प्लग लावायचा, बटण दाबायचं, चालतंय का बघायचं. चाललं की पैसे मोजायचे. पण धोकादायक दुरुस्ती केलेलं यंत्र या परीक्षेत हमखास पास होतं. ते आधीपेक्षा जास्त बिनतक्रार चालतं, आणि असं का होतं हे समजून घेतलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

घरातल्या कुठल्याही विजेच्या यंत्रात दोन प्रकारचे भाग असतात. काही भाग काम करतात: गिझरची कॉइल, फ्रिजचा कॉम्प्रेसर, मिक्सरची मोटर. काही भागांचं काम फक्त थांबवण्याचं असतं: थर्मोस्टॅट, कटआउट, ओव्हरलोड, झाकणाचा स्विच, फ्यूज. हे दुसऱ्या प्रकारचे भाग असे बनवलेले असतात की ते बिघडले तर बहुतेक वेळा यंत्र बंद पडावं. मग मेकॅनिक येतो, नवा पार्ट लगेच मिळत नाही किंवा गिऱ्हाईक म्हणतं, ‘बघा की काहीतरी, दोनशेत बसवा.’ तो त्या भागाच्या दोन्ही वायरी काढतो, एकमेकींना जोडतो, वर टेप गुंडाळतो. ‘डायरेक्ट करून दिलंय, आता काही होणार नाही.’ यंत्र सुरू होतं. थांबवणारा भाग आता वाटेतच नाही, त्यामुळे त्याच्यामुळे ते पुन्हा कधी बंद पडणारही नाही. ज्याच्या घरी हे घडलं त्याला निदान माहीत तरी असतं. दोन हात फिरून तेच यंत्र तुमच्याकडे येतं, तेव्हा ही माहिती वाटेतच गळून गेलेली असते.

सगळ्यात जपून राहायचं ते गिझरपासून, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

साठवणीच्या गिझरमध्ये पाणी तापवणारा भाग एकच असतो, पण ते जास्त तापू नये म्हणून राखण तिहेरी असते. पहिला थर्मोस्टॅट: पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचलं की वीज तोडतो, गार झालं की जोडतो. दुसरा कटआउट: थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी भलतंच तापायला लागलं तर हा वीज तोडतो, आणि बहुतेक गिझरमध्ये हातानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. तिसरा सेफ्टी व्हॉल्व्ह: विजेचं सगळं फसलं तरी टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाणी बाहेर सोडतो.

आता या तिघांचं प्रत्यक्षात काय होतं ते बघा. थर्मोस्टॅट गेला, डायरेक्ट झाला. मग पाणी जास्त तापल्यावर कटआउट सारखा उडायला लागतो. घरमालक वैतागतो, दुसरा मेकॅनिक येतो, तोही डायरेक्ट होतो. उरला सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यातून गिझर चालू असताना थेंब थेंब पाणी गळतं आणि लोकांना ते बिघाड वाटतं. खरं तर तो व्हॉल्व्ह आपलं काम चोख करत असतो. पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की सुमारे पावणेदोन टक्के फुगतं. १५ लिटरच्या टाकीत हे झालं पाव लिटर पाणी. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असतो, तेव्हा हे पाव लिटर मागे जाऊ शकत नाही. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. प्लंबरला बोलावून कुणी तिथे प्लग घट्ट बसवून टाकला की तिसरा राखणदारही गेला.

अशी टाकी म्हणजे सगळीकडून बंद भांडं, आणि खाली २००० वॅटची कॉइल न थांबता तापते आहे. पाणी शंभर अंशांला उकळतं, पण ते उघड्या भांड्यात. बंद भांड्यात दाब वाढत जातो तसा उत्कलनबिंदूही वर सरकतो आणि पाणी शंभराच्या कितीतरी वर जाऊनही पाणीच राहतं. टाकीची वेल्डिंग एखाद्या ठिकाणी सुटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या पाण्याचा काही हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. गिझर फुटून भिंत पडल्याच्या बातम्या येतात त्यामागचं गणित हे आहे. जुन्या, आतून गंजलेल्या टाकीला त्यासाठी फार दाबही लागत नाही. टँकर आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमधले गिझर तर आतून क्षारांनी भरलेले असतात. कॉइलवर थर साचतो, कॉइल स्वतः जास्त तापते, तिच्या नळीला चीर जाते आणि मग वीज थेट पाण्यात उतरायची वाट मोकळी होते.

भिंतीवरच्या गिझरचं खालचं झाकण इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या आणि तो उघडत असताना स्वतः शेजारी उभे राहा. मेन स्विच बंद केलेला असावा, हे वेगळं सांगायला नको. आत काय दिसायला हवं? कॉइलच्या टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून स्क्रूनं घट्ट बसवलेल्या वायरी, त्यांच्यावर उष्णता सोसणारी पांढरी किंवा पिवळट विणलेली स्लीव्ह, थर्मोस्टॅटची दांडी आपल्या नळीत पूर्ण आत गेलेली, आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर टाकीच्या धातूला बोल्टनं कसलेली. डायरेक्ट केलेल्या गिझरमध्ये दिसतं ते असं: थर्मोस्टॅटची दांडी नळीत आहे पण तिच्या टोकांना एकही वायर नाही, किंवा नळी रिकामीच. दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वर काळी टेप, आणि टेपचा डिंक उष्णतेनं पाघळून झाकणावर उतरलेला. घरातल्या वायरिंगची उरलेली साधी पीव्हीसी वायर लावलेली. ती सर्वसाधारणपणे ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते, इथे तिच्याभोवती त्याहून जास्त उष्णता असते. अर्थिंगची वायर कापून मागे दुमडलेली. असं काही दिसलं तर तो गिझर त्या दिवसापासून बंद.

झाकण न उघडताही एक गोष्ट कळते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या कॉइलला साधारण १८ मिनिटं लागतात. वाया जाणारी उष्णता धरून वीस-बावीस म्हणा. टाकी गार असताना गिझर लावा, मध्ये नळ उघडू नका आणि दिव्यावर लक्ष ठेवा. अर्धा तास झाला तरी तापण्याचा दिवा विझत नसेल तर बाथरूमबाहेरच्या स्विचवरून किंवा मेनवरून गिझर बंद करा आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. २५ लिटरच्या टाकीला हाच वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढतो.

टेप लावलेल्या जोडाबद्दल थोडं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर करंट घेतो. चांगल्या जोडात करंटला विरोध (रेझिस्टन्स) जवळजवळ नसतोच. पीळ सैल असेल, तांब्यावर काजळी असेल, तर तिथे अर्धा ओहम विरोध सहज तयार होतो. करंटचा वर्ग गुणिले विरोध केलं की त्या बोटभर जागेत जवळपास ३८ वॅट उष्णता निर्माण होते. दुरुस्तीवाले २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं डाग देतात, यावरून अंदाज यावा. आणि या सगळ्यात करंट काही वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, पडत नाही. तारेच्या जोडावरून लागलेल्या आगीत ‘पण एमसीबी तर होता’ असं लोक म्हणतात, त्याचं उत्तर इथे आहे.

एमसीबीकडून आपण नको ती अपेक्षा ठेवतो. १६ अँपिअरचा एमसीबी वायरिंगला वाचवण्यासाठी असतो, माणसाला वाचवण्यासाठी तो बनवलेलाच नाही. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे पाव अँपिअर करंट जाऊ शकतो. एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, अंगाला जाणवतो. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे, आणि काही वेळ टिकला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. माणूस मरायला पुरणारा करंट एमसीबीच्या हिशेबात काहीच नसतो.

माणसाला वाचवतात त्या गोष्टी दोन: अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर झिरपली की ती तोडणारा बोर्डातला स्विच. अर्थिंग समजायला गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप डोळ्यांसमोर आणा. नेहमी तो कोरडाच असतो, निरुपयोगी वाटतो. फ्लोट बिघडला की पाणी घरात न शिरता त्या वाटेनं निघून जातं. यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर अर्थिंगची वायर तिला अशीच सोपी वाट देते. म्हणून तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची जाड पिन लांब असते, ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि सगळ्यात शेवटी सुटते. जुन्या यंत्राची ही पिन अनेकदा कापलेली असते, कारण आधीच्या घरात सॉकेट दोन पिनांचं होतं. कधी पिन असते पण आत वायरच नसते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तर उलटा प्रकार: सॉकेट नवं, तीन भोकांचं, पण त्यामागचं वायरिंग दोन तारांचं, आणि वरचं भोक नुसतं शोभेचं.

फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार फार ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या यंत्रात फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी किंचित करंट धातूच्या अंगावर येतोच. अर्थिंग असेल तर तो निमूट जमिनीत जातो. नसेल तर बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी सहसा जीव जात नाही, पण त्या सांगतात की या यंत्राला अर्थिंग मिळत नाहीये. उद्या आतली वायर खरोखर उघडी पडली तर तुमच्या आणि तिच्यामध्ये काहीच उरलेलं नाही. बिघाड कोणता आणि फिल्टरचा करंट कोणता, हे बोटांना कळत नाही. टेस्टर दोन्हींत पेटतो. ‘थोडंसं लागतंय, चप्पल घालून उघडत जा’ हा सल्ला जिथे मिळतो त्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

आरसीसीबीचं काम हिशेबाचं आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी वीज बाहेर झिरपते आहे, की तो क्षणार्धात सगळं तोडतो. आता जुना गिझर किंवा फ्रिज घरात आला आणि आरसीसीबी सारखा पडायला लागला, तर त्याचा अर्थ बहुधा सरळ आहे: नव्या पाहुण्यात गळती आहे. इथे काही इलेक्ट्रिशियन काय करतात, तर आरसीसीबीच काढून दोन वायरी सरळ जोडतात. मला ही सगळ्यात भयंकर दुरुस्ती वाटते. यात एका यंत्राचं नाही, संपूर्ण घराचं संरक्षण जातं. यंत्र दुसऱ्या दिवशी विकून टाकलं तरी बोर्ड तसाच राहतो, आणि पुढचा भाडेकरू त्याच बोर्डावर राहायला येतो. भाड्याच्या घरात शिरलात की बोर्डाचं दार उघडून ‘टी’ लिहिलेलं टेस्टचं बटण दाबून बघा. वीज जायला हवी. महिन्यातून एकदा हे करायची सवय ठेवा.

फ्रिजचं प्रकरण गॅसचं आहे. जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असायचा; तो पेट घेत नाही. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो ज्वलनशील आहे, पण पर्यावरणासाठी कितीतरी बरा, आणि योग्य रीतीनं वापरला तर सुरक्षितही. घरगुती फ्रिजसाठी आंतरराष्ट्रीय मानकानं त्याची मर्यादा १५० ग्रॅम ठेवली आहे आणि प्रत्यक्षात भरतात त्याहून बरंच कमी. शिवाय या गॅससाठी बनवलेल्या फ्रिजमध्ये ठिणगी गॅसपर्यंत पोहोचू नये अशी काळजी घेतलेली असते.

धोका सुरू होतो तो गॅस भरताना. आर-१३४एच्या फ्रिजमध्ये स्वस्त पडतो म्हणून कुणी आयसोब्युटेनसारखा ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस भरला, तर आतला थर्मोस्टॅट, दिव्याचा स्विच, कॉम्प्रेसरचा रिले यांपैकी काहीच त्या गॅसच्या हिशेबानं बनवलेलं नसतं. आयसोब्युटेन हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं तरी पेट घेऊ शकतो. आतच गळला तर बंद फ्रिजच्या पोटात साचतो आणि दार उघडताना दिव्याचा स्विच ठिणगी देतो. एका खोलीत फ्रिज, पलंग आणि गॅसची शेगडी असा संसार असेल तर विचार करा. दुसरा प्रसंग मेकॅनिकच्याच जिवावरचा: आत ज्वलनशील गॅस शिल्लक असताना नळीला जोडकामाची पेटती टॉर्च लावणं. म्हणून फ्रिजचं गॅसचं काम घरात, खिडक्या बंद करून, स्वयंपाकघरात होऊ देऊ नका.

जुना फ्रिज घेताना मागच्या बाजूला बसून कॉम्प्रेसर बघा. त्यावरच्या लेबलवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, आर-६००ए असेल तर ज्योतीचं त्रिकोणी चिन्हही. कॉम्प्रेसरमधून निघालेली एक छोटी तांब्याची नळी कंपनीतून आलेली असते तेव्हा चेपून, बुजवून टाकलेली असते. तिथे पितळी पिन व्हॉल्व्ह दिसला तर गॅस पुन्हा भरलेला आहे. त्यानं घाबरायचं कारण नाही, पण विचारा: कोणता भरला, गळती कुठे होती, ती कशी बंद केली? ‘थोडा कमी झाला होता, टॉप-अप केला’ हे उत्तर पुरेसं नाही. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला, आणि ती जागा शोधली नसेल तर आताही गळतोच आहे.

वॉशिंग मशीनबद्दल दोनच गोष्टी. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरचं झाकण उघडलं की मोटरची वीज तुटते आणि ब्रेक लागतो. तो स्विच खराब झाला की ड्रायर फिरेनासा होतो, आणि डायरेक्ट केला की झाकण उघडं असतानाही मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेत फिरतो. कपडा काढायला घातलेला हात त्यात अडकतो. लहान मूल असलेल्या घरात असं मशीन असूच नये. घेताना रिकामा ड्रायर फिरवून झाकण उचला, हात लांब ठेवून बघा, काही सेकंदांत तो थांबायला हवा. दुसरं, मशीन आडवं करून तळ बघा. खालचा पत्रा नसेल तर उंदीर आत गेलेले असतात, आणि कुरतडलेल्या वायरीवर नुसती टेप गुंडाळलेली सापडते, तीही पाण्याच्या जागी.

मायक्रोवेव्ह मी जुना घ्यायला सांगतच नाही. आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. दाराला सहसा तीन स्विच असतात. त्यातला एक मुद्दाम असा जोडलेला असतो की बाकीचे दोन चिकटले आणि दार उघडलं, तर फ्यूज उडावा. ‘सारखा फ्यूज जातोय’ म्हणून कुणी जाड तार घातली, तर पुढे काय होईल ते आता तुम्हीच सांगू शकता.

मेकॅनिक मंडळींवर सगळं ढकलून चालणार नाही. थर्मोस्टॅट तीन-चारशे रुपयांना येतो. तेवढेही द्यायची तयारी नसलेलं गिऱ्हाईक रोज भेटत असेल तर माणूस टेपकडे वळतो. चांगला मेकॅनिक डायरेक्ट करायला नकार देतो, त्याचा नंबर जपून ठेवा आणि त्याला त्याचे पैसे द्या. दुरुस्तीनंतर जुना पार्ट परत मागा. पार्ट हातात आला तर तो बदलला गेला, एवढं तरी कळतं. बिलावर कोणता भाग बदलला ते लिहून घ्या. जुनी वस्तू घेताना मल्टिमीटर असलेला इलेक्ट्रिशियन सोबत न्या. प्लगची जाड पिन आणि यंत्राचं धातूचं अंग यांच्यामध्ये विरोध जवळजवळ शून्य यायला हवा. मेगर असेल तर फेज-न्यूट्रल आणि अंग यांच्यामधलं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर निदान एक मेगाओहम. पाच मिनिटांचं काम आहे. हे करू द्यायला दुकानदार तयार नसेल तर पुढचं दुकान बघा.

सगळ्यात मोठी जबाबदारी मला घरमालकाची वाटते. खोली कॉट बेसिसवर देताना जुना गिझर लावून ‘सोय केली आहे’ म्हणणाऱ्यांनी वर्षातून एकदा तो उघडून तपासून घ्यायलाच हवा. मुलं विचारत नाहीत, कारण त्यांना काय विचारायचं ते माहीत नसतं, आणि घर सोडायला लावतील ही भीतीही असते. पालकांनो, खोली बघायला जाल तेव्हा भाडं आणि पाण्याबरोबर बोर्डातला आरसीसीबी आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही बघून या.

आणि तुमच्याच घरात डायरेक्ट केलेलं यंत्र निघालं, दुरुस्त करण्यासारखं नसलं, तर ते ‘चालू आहे’ म्हणून कुणाला देऊ नका. प्लगपासून वायर कापून टाका, गिझर असेल तर वर मार्करनं ‘थर्मोस्टॅट नाही’ असं लिहा आणि ई-कचऱ्यात द्या. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे लोक पुण्यात ई-कचरा घेतात. वायर कापलेली असली की वाटेत कुणी ते नुसतं प्लग लावून बघू शकत नाही.